गणित कोणते घ्यावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी गिरणगावावर बोलेन, संपावर बोलेन, नाही तर गिरण्यांच्या जमिनींवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर मी वर्षभर बोलतोच आणि आपणही सोशिकपणे ऐकता. आज मी दुसराच विषय मागून घेतला. ज्या मुलामुलींना बारावीनंतर गणित घ्यावयाचे आहे, त्यांनी कोणते गणित घ्यावे आणि घेण्यापूर्वी काय पाहावे, हा तो विषय. कॉलेजची पायरी मी विद्यार्थी म्हणून चढलेलो नाही. माझे गणित मी करारनाम्यांतून, पगारचिठ्ठ्यांतून आणि रद्दीवाल्याकडून आणलेल्या पुस्तकांतून शिकलो. मग यावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे आपण विचाराल. मे-जून महिन्यांत परळ-लालबागच्या कोणत्याही युनियनच्या कचेरीत येऊन बसावे, म्हणजे उत्तर मिळेल. निम्मी माणसे ग्रॅच्युइटीच्या कामासाठी आलेली असतात आणि निम्मी मुलाच्या प्रवेशाचा कागद घेऊन. कागद टेबलावर ठेवून ती एकच प्रश्न विचारतात, “साहेब, याला स्कोप आहे का?”

‘स्कोप’ हा शब्द आपल्या मुंबईने फार झिजवला आहे. त्याचा अर्थ, चार वर्षांनी नोकरी मिळेल का, एवढाच. हा प्रश्न वाईट नाही. ज्याच्या घरात एकच पगार येतो त्याने तो विचारलाच पाहिजे. पण तो प्रश्न आपण फार उशिरा विचारतो. गणिताचा दरवाजा बारावीनंतर बंद होत नाही, तो दहावीनंतरच बंद होतो, आणि बंद होताना आवाजही करीत नाही.

कसा ते पाहा. मुलगा वाणिज्य शाखेला जातो. तेथे पुष्कळ कॉलेजांत त्याच्यापुढे पर्याय असतो, गणित घ्यावे की एस.पी., म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. मित्र सांगतात, एस.पी. सोपे, मार्क पडतात. मुलगा एस.पी. घेतो. विज्ञान शाखेतली मुलगी डॉक्टर व्हायचे म्हणून जीवशास्त्र ठेवते आणि ओझे नको म्हणून गणित सोडते. दोघांचेही वय पंधरा-सोळा. दोन वर्षांनी डॉक्टरकीला नंबर लागत नाही, तेव्हा कळते की अभियांत्रिकी नाही, संख्याशास्त्र नाही, गणिताची पदवी तर नाहीच. घरातले म्हणतात, नशीब. नशिबाचा यात काही संबंध नाही. अकरावीच्या अर्जावर एका रकान्यात एक खूण झाली, ती कोणी नीट वाचली नाही. म्हणून ज्यांची मुले यंदा दहावीला बसली आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की मूल गणितात नापास होत नसेल तर बारावीपर्यंत गणित सोडू देऊ नका. गणित ठेवून पुढे सोडता येते, सोडलेले परत घेणे फार जड जाते.

या वाणिज्याच्या गणिताची एक गंमत सांगतो. आपल्या राज्य मंडळाचे बारावीचे वाणिज्याचे गणिताचे पुस्तक उघडा. त्यात विमा आहे, दलाली आहे, आणि निर्देशांक, म्हणजे इंडेक्स नंबर, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या आकड्यावर आपला महागाई भत्ता ठरतो तो कसा काढतात, हे त्या प्रकरणात आहे. लोक ज्याला ‘हलके गणित’ म्हणतात त्यात हे आहे. मी तर कामगारांच्या अभ्यासवर्गात तेच प्रकरण शिकवतो.

आता बारावीनंतरचे. येथे सर्वांत मोठा गैरसमज असा, की शाळेत ज्याला गणितात नव्वदाच्या वर मार्क पडतात त्याने कॉलेजात गणित घ्यावे, आणि ज्याला साठ पडतात त्याने घेऊ नये. शाळेचे गणित म्हणजे उत्तर काढणे. रीत माहीत असली आणि हात वळणाचा असला की उत्तर येते. पदवीचे गणित म्हणजे ते उत्तर खरे का, हे सिद्ध करणे. हे दोन वेगळे धंदे आहेत, विणकर आणि सांचा दुरुस्त करणारा यांच्याइतके वेगळे. विणकर उत्तम असेल, पण सांचा खोलून बसवणे त्याला आवडेलच असे नाही.

पहिल्या वर्षाला कलनाच्या, म्हणजे कॅल्क्युलसच्या, तासाला मूल जाते. बारावीत त्याने शेकडो गणिते सोडवलेली असतात. येथे प्राध्यापक फळ्यावर सीमेची, लिमिटची, व्याख्या लिहितात आणि दोन ग्रीक अक्षरे मांडतात, एप्सिलॉन आणि डेल्टा. वर्गातली निम्मी मुले तेथेच गळाठतात. ती व्याख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती वाटाघाटीसारखी वाटली. समोरचा म्हणतो, मला इतकीच चूक चालेल, अमुक एवढी लहान. तुम्ही म्हणता, ठीक, मग अमुक अंतराच्या आत या, तुमची चूक त्याहून मोठी होणार नाही. तो आणखी लहान चूक सांगतो, तुम्ही आणखी जवळचे अंतर सांगता. त्याने कितीही लहान आकडा सांगितला तरी तुमच्याकडे उत्तर तयार असले, तर सीमा आहे. एकदा जरी तुम्ही निरुत्तर झालात, तर नाही.

यातली मेख शब्दांच्या क्रमात आहे. करारनाम्यातली दोन कलमे घ्या. एक, ‘प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी राहील.’ दुसरे, ‘आठवड्यातला एक दिवस असा राहील की त्या दिवशी प्रत्येक कामगाराला सुट्टी असेल.’ घाईने वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. पहिल्या कलमाने कारखाना सातही दिवस चालतो, कोणी सोमवारी घरी, कोणी गुरुवारी. दुसऱ्याने एक दिवस भोंगाच वाजत नाही. ‘प्रत्येक’ आधी आला की ‘एक’ आधी आला, यावर सगळे अवलंबून. विश्लेषण नावाचा जो विषय गणिताच्या पदवीला असतो, त्याचा मोठा भाग अशा क्रमांचा हिशेब ठेवण्यातच जातो. ज्या मुलाला हा फरक पाहून मजा वाटते, त्याने गणित घ्यावे, मग बारावीला त्याला पासष्ट का असेनात. ज्याला वाटते की एवढा कीस कशाला, त्याने दुसरे काही घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरे काही म्हणजे काय? येथे माणसे घोटाळा करतात. अभियांत्रिकीला गणित असते, पण ते हत्यार म्हणून. डिफरन्शियल इक्वेशन सोडवायला शिकवतात, ते सुटते का याची चौकशी फारशी करीत नाहीत, आणि पूल बांधणाऱ्याला ती रोज करावी लागतही नाही. संगणकशास्त्राला लागते ते बरेचसे मोजणीचे आणि तर्काचे गणित. विमागणिताला संभाव्यता लागते, व्याजाचे गणित लागते आणि परीक्षांमागून परीक्षा देत राहण्याची चिकाटी लागते. संख्याशास्त्राबद्दल मी पुढे बोलणारच आहे. ‘डेटा सायन्स’ हे नाव अलीकडे पुष्कळ पाट्यांवर दिसते. पाटी पाहू नका, अभ्यासक्रम मागून घ्या. त्यात संभाव्यता, संख्याशास्त्र आणि रेखीय बीजगणित हे तीन विषय भरपूर असतील तर तो अभ्यासक्रम आहे. नुसती सॉफ्टवेअरची नावे असतील तर तो क्लास आहे.

आपल्या टापूत कॉलेजांना तोटा नाही. चौपाटीवरचे विल्सन १८३२ पासूनचे, माटुंग्याचे रुईया १९३७ चे, परळचे महर्षी दयानंद १९६२ चे, शिवाय दादर-माहीम-फोर्टची इतर. पण ‘कोणते कॉलेज चांगले’ हा प्रश्न विचारण्याआधी खिडकीशी जाऊन एक प्रश्न विचारावा. गणित हा मुख्य विषय घेऊन येथे शेवटच्या वर्षापर्यंत जाता येते का, आणि गेल्या वर्षी किती मुले गेली? कित्येक ठिकाणी पहिल्या वर्षी विषय असतो, आणि पुढे मुले गळत गेली की वर्ग चालत नाही. नवे शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत पदवीच्या पहिल्या वर्षाला ते २०२४-२५ पासून लागू झाले. त्यामुळे आता मुख्य विषय, म्हणजे मेजर, आणि जोडविषय, म्हणजे मायनर, अशी भाषा आली आहे, आणि ऑनर्ससाठी चौथे वर्ष आहे. या धोरणावर माझ्या तक्रारी आहेत, त्या आज सांगत नाही. पण गणित मेजर आणि संख्याशास्त्र मायनर, किंवा अर्थशास्त्र मेजर आणि गणित मायनर, अशी जोडी मिळत असेल तर ती सोडू नये.

मुंबईबाहेर जाण्याची तयारी असेल तर दोन नावे लक्षात ठेवा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यास स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची गणित संस्था. येथे बारावीच्या मार्कांपेक्षा प्रवेशपरीक्षेला महत्त्व, आणि त्या परीक्षेत रीत पाठ करून भागत नाही. सांख्यिकी संस्थेत विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे विद्यावेतन मिळत आले आहे, हे आपल्यासारख्यांच्या घरांत कोणाला ठाऊक नसते. पवईच्या आय.आय.टी.तही गणिताचा पदवी अभ्यासक्रम आहे, ही गोष्टही क्लासवाले मुलांना आग्रहाने सांगत नाहीत, कारण त्यांच्या जाहिरातीत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द जास्त खपतो.

आता संख्याशास्त्र. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.

दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन शब्द येतात. मुले पाठ करतात आणि विसरतात. वाटाघाटीत व्यवस्थापन सांगते की आमच्याकडे सरासरी पगार अडतीस हजार आहे. दहा माणसांचे खाते घ्या. नऊजणांना अठरा हजार आणि एका साहेबाला दोन लाख अठरा हजार. बेरीज तीन लाख ऐंशी हजार, सरासरी अडतीस हजार. आकडा खोटा नाही. फक्त त्या खात्यात अडतीस हजार मिळवणारा एकही माणूस नाही. मध्यक काढला तर अठरा हजार येतो. कोणती सरासरी, एवढा एक प्रश्न विचारता आला तर टेबलापलीकडचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. हा मी प्रत्यक्ष पाहिलेला चमत्कार आहे.

मोठी गोष्ट निर्देशांकाची. मुंबईत सरकारचे लेबर ऑफिस १९२१ साली निघाले. कामगारांच्या घरचा खर्च किती, भाड्याला किती, धान्याला किती, याची पद्धतशीर पाहणी तेव्हापासून सुरू झाली. पुढे १९३३-३४ साल शंभर धरून मुंबईच्या कामगारांचा राहणीखर्चाचा निर्देशांक निघू लागला आणि गिरणी कामगाराचा महागाई भत्ता त्याला बांधला गेला. पद्धत अशी. एका कुटुंबाची एक टोपली ठरवायची, तांदूळ इतका, तेल इतके, धोतर, लुगडे, रॉकेल, खोलीचे भाडे. तीच टोपली दर महिन्याला बाजारात किती रुपयांना पडते ते पाहायचे. पण टोपली जुनी झाली तर? ज्या प्रतीचे कापड तिच्यात आहे ते बाजारात मिळेनासे झाले तर त्या जागी कोणते धरायचे? भाव कोणत्या दुकानातून घ्यायचा, रेशनच्या की खुल्या? या प्रत्येक प्रश्नात कामगाराचे पैसे आहेत.

साठच्या सुमारास मुंबईच्या कामगारांची तक्रार हीच होती की बाजारात भाव भडकतात आणि निर्देशांक मात्र हलत नाही. १९६३ च्या ऑगस्टात महागाईविरुद्ध मुंबई बंद झाली. मोर्चे निघाले, सभा झाल्या. पण मोर्चाने निर्देशांक चूक ठरत नाही. त्यासाठी कोणी तरी बसून टोपली तपासावी लागते. राज्य सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीला निर्देशांकात दोष आढळले, तो वर सरकवावा लागला आणि त्याबरोबर भत्ता वाढला. रस्त्यावरच्या लोकांनी समिती नेमायला लावली, आणि समितीतल्या आकडेवाल्यांनी रस्त्यावरच्या लोकांचे म्हणणे सिद्ध केले. यातले एकही नसते तर दुसऱ्याचा उपयोग झाला नसता.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. आजचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक केंद्र सरकारचा लेबर ब्युरो काढतो. त्याचे आधारवर्ष आधी २००१ होते, ते बदलून २०१६ केले, आणि नवी मालिका २०२० साली आली. जुन्या टोपलीत अन्न आणि पेये यांचा वाटा शेकडा ४६.२ होता, नव्यात तो ३९.१७ झाला. याचा अर्थ घरात बसून काढता येतो. समजा, बाकी काही न वाढता फक्त अन्न दहा टक्क्यांनी महागले. जुन्या टोपलीने निर्देशांक ४.६२ टक्के वाढला असता, नव्याने ३.९२ वाढतो. वीस हजारांच्या पगारावर हा फरक महिन्याला १४० रुपयांचा. मग हा अन्याय झाला का? तसे लगेच म्हणता येत नाही. माणसाचे उत्पन्न थोडे वाढले की अन्नावरचा वाटा कमी होतो आणि घर, शाळा, दवाखाना, प्रवास यांवरचा वाढतो, हे जगभर दिसून आले आहे. तेव्हा प्रश्न असा, की पाहणीसाठी घरे कोणती निवडली? काळाचौकीच्या चाळीतले घर आणि नव्या टॉवरमधले घर एकाच पाहणीत कसे बसवले? कंत्राटी कामगाराच्या ताटाचा वाटा अजून साठ टक्के असेल तर त्याचा आवाज त्या ३९ मध्ये कितीसा? हे प्रश्न विचारायला नमुना-निवडीचे शास्त्र लागते, आणि ते शास्त्र संख्याशास्त्राच्या पदवीला शिकवतात. आमच्या कामगार चळवळीत भाषण करणारे पुष्कळ आहेत, त्यात मीही एक. नमुना-निवड जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून मी गिरणगावातल्या मुलामुलींना संख्याशास्त्र घ्या म्हणतो तेव्हा त्यात माझा स्वार्थ आहे, हे कबूल करतो.

गणित आणि गरिबी यांची सांगड मुंबईला नवी नाही. एल्फिन्स्टनमध्ये १८५० च्या दशकात गणित शिकवणारे प्राध्यापक दादाभाई नौरोजी. त्यांनी पुढे १८७० च्या दशकात हिशेब मांडला की हिंदी माणसाचे वर्षाचे उत्पन्न सरासरी वीस रुपये पडते, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर त्याहून अधिक खर्च होतो. साम्राज्याला शिव्या देणारे पुष्कळ होते. ही वजाबाकी मांडायला गणिताचा मास्तर लागला.

आणि आपल्या परळचा एक धागा. बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी यांनी परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार काढला. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती. १९४६ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांनी प्राचीन चांदीची नाणी हजारोंनी तराजूत तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, तेव्हा वजनांच्या विभागणीवरून त्याचे वय आणि चलन यांचा अंदाज करता येतो, हे त्यांनी संख्याशास्त्राने दाखवले. ‘गणित घेऊन इतिहासात काय करणार’ असे विचारणाऱ्याने ते काम पाहावे. गणित हे मुख्य असले म्हणजे दुसरी आवड सोडावी लागते, असे नाही.

मुलींच्या आयांसाठी एक नाव घेतो. मंगला नारळीकर यांनी मुंबई विद्यापीठाची गणिताची पदवी १९६२ साली घेतली, आणि ती बी.एस्सी. नव्हती, बी.ए. होती. १९६४ साली एम.ए. झाल्या. मग लग्न, परदेश, मुली, घर. डॉक्टरेट त्यांना १९८१ साली मिळाली, एम.ए.नंतर सतरा वर्षांनी. पुढे त्यांनी शाळेच्या मुलांसाठी गणित मराठीतून सोपे करून लिहिले आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांचे काम पाहिले. २०२३ साली त्या वारल्या. मला यात दोन गोष्टी दिसतात. गणित कलाशाखेतूनही करता येते, जेथे ती सोय असेल तेथे. आणि मध्ये खंड पडला म्हणजे संपले, असे नाही. मात्र त्यांना घरची साथ होती, हेही विसरू नये. आपल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असताना मुलीला विश्लेषणाचा अभ्यास करता येईल का, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोपवतो.

मराठी माध्यमातल्या मुलांविषयी बोललेच पाहिजे, कारण गळती तेथे जास्त होते. दहावीपर्यंत मूल ‘बहुपदी’, ‘मूळ संख्या’, ‘संभाव्यता’ म्हणत असते. अकरावीत एका दिवसात पॉलिनॉमियल, प्राइम, प्रॉबेबिलिटी सुरू होते. गणित तेच, पण पाटी बदलली की माणसाला घर सापडत नाही तसे होते. मुलाला वाटते आपले डोके कमी पडते. उपाय अगदी साधा आहे. दहावीचे गणिताचे इंग्रजी पुस्तक आणि मराठी पुस्तक शेजारी ठेवून या सुट्टीत रोज दोन पाने वाचावीत. प्रकरणे तीच आहेत, गणितेही तीच आहेत, त्यामुळे अर्थ शोधावा लागत नाही, फक्त नावे शिकायची. आमच्या अभ्यासवर्गात काही मुलांनी हे केले आहे आणि त्यांना क्लास लावावा लागला नाही. पदवीच्या वर्गासाठी आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर फुकट ऐकायला मिळतात. इंग्रजी संथ असते, थांबवून पुन्हा ऐकता येते.

राहता राहिली नोकरी करून शिकणारी मुले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे कारकुनाला आणि कामगाराला शिकून मग कामावर जाता यावे. त्या वर्गांतून पुष्कळ माणसे वर आली. आज दिवसा काम करणाऱ्या मुलाला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून गणित हा विषय घेऊन पदवी करता येते. मात्र एकट्याने गणित करणे कठीण. पुरावा लिहिला की तो कोणी तरी वाचून ‘ही पायरी कोठून आली?’ असे विचारावे लागते. त्यासाठी दोन-तीनजण तरी एकत्र बसावेत. लालबाग-परळमधल्या वाचनालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकेत एक टेबल आणि एक फळा या मुलांसाठी ठेवा. खडूचा खर्च आमची युनियन देईल.

आणि ज्यांना सांख्यिकी संस्थेची किंवा चेन्नईची प्रवेशपरीक्षा द्यायची आहे, त्यांनी निकालाची वाट पाहू नये. ते अर्ज बारावीच्या निकालाच्या पुष्कळ आधी भरावे लागतात. यंदाची मुदत टळली असेल, तर अकरावीतल्या मुलांनी तारीख आत्ताच विचारून वहीत लिहून ठेवावी.